पाच मतांची शपथ आणि तीन एकरांचा ऊस

पश्चिम महाराष्ट्रातील ऊसपट्ट्यातून एका चौतीस वर्षांच्या शेतकऱ्याने २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी पाठवलेल्या पत्राचा हा सारांश आणि त्याला दिलेले उत्तर. नाव, गाव आणि कारखाना ओळखू येईल असा तपशील वगळला आहे.

‘आमचा तीन एकर ऊस आहे. वडील सहकारी साखर कारखान्याचे जुने सभासद आहेत आणि धाकटा भाऊ तिथेच हंगामी कामगार आहे. साहेबांच्या कारखान्यावरच आमचे घर चालते. कारखान्याचे चेअरमन असलेले हे साहेब या विधानसभेला उभे आहेत. २०१९ च्या निवडणुकीत आमच्या वस्तीच्या मतदान केंद्रावर त्यांच्या गटाला मते कमी पडली आणि त्या हंगामात आमचा ऊस दीड महिना उशिरा तुटला. तेव्हापासून वडिलांनी धसका घेतला आहे. गेल्या आठवड्यात कारखान्याच्या गट कार्यालयातील दोघे जण गावातल्या पुढाऱ्याबरोबर घरी आले आणि वडिलांनी देवापुढचा भंडारा उचलून घरची पाचही मते साहेबांना देण्याची शपथ घेतली. मला मात्र दुसऱ्या उमेदवाराला मत द्यायचे आहे. वडील म्हणतात, ज्यांच्या जिवावर चूल पेटते त्यांच्या विरोधात जाणे ही बेइमानी आहे, आणि कुणाचे मत कुठे गेले हे त्यांना कळतेच. मी मन मारून शपथ पाळावी, की वडिलांशी भांडून उघड विरोध करावा? शिवाय आमच्यासारख्यांच्या एका मताने असे काय बदलणार आहे, असेही मनात येते.’

तुमच्या घरातील वाद मताचा आहे असे वरवर दिसते. मला तो आधी मालकीचा वाटतो, आणि त्या मालकीविषयी तुमचे व वडिलांचे पूर्ण एकमत आहे, हे तुमच्या लक्षात आलेले नसावे. कारखाना साहेबांचा आहे असे वडील मानतात आणि तुम्हीही तसेच लिहिता. फरक इतकाच की त्या समजुतीतून वडील कृतज्ञतेकडे जातात आणि तुम्ही बंडाकडे. ती समजूतच तपासून पाहण्याची विनंती मी आधी करणार आहे, कारण ती ढिली झाली तर तुमचा उरलेला प्रश्न बराच हलका होईल.

महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात १९५० च्या सुमारास अहमदनगर जिल्ह्यातील लोणी येथे झाली. विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. खासगी कारखानदार देईल त्या भावाला मान तुकवावी लागू नये, आपल्या उसाची साखर आपणच करावी, हा त्यामागचा हेतू होता. पुढे वसंतदादा पाटील यांनी सांगलीत, तात्यासाहेब कोरे यांनी वारणेच्या खोऱ्यात, रत्नाप्पाण्णा कुंभार यांनी पंचगंगेच्या परिसरात हेच काम केले. ही माणसे कर्तृत्ववान होती, परंतु त्यांनी उभारलेल्या संस्थांची मालकी त्यांच्या घराण्यांकडे नव्हे, तर सभासदांकडे राहील अशीच कायद्याची रचना आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम २७ प्रमाणे सभासदाकडे एक भाग असो वा शंभर, त्याला मत एकच असते. सभासद संचालक निवडतात आणि संचालक आपल्यातून चेअरमन निवडतात. तुमच्या वडिलांनी भागाची रक्कम भरली, आणि त्यांच्या पिढीतील बहुतेक सभासदांप्रमाणे उसाच्या बिलातून ठेवींच्या कपातीही सोसल्या असतील. त्या पैशावर उभ्या राहिलेल्या कारखान्याचे चेअरमन हे तुमच्या वडिलांनी नेमलेले कारभारी आहेत, आणि दिवाळीला मिळणारी सवलतीची साखरसुद्धा सभासदांच्याच संस्थेतून येते.

उसाच्या बिलाचेही तसेच आहे. रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे ज्याला आपण सगळे एफआरपी म्हणतो, तो केंद्र सरकार ठरवते. २०२४-२५ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, क्विंटलमागे ३४० रुपये, म्हणजे टनाला ३,४०० रुपये होता, आणि त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, आणि उशीर झाला तर त्या काळासाठी वर्षाला १५ टक्के दराने व्याज मिळाले पाहिजे. कारखाना दाद देत नसेल तर पुण्यातील साखर आयुक्त महसुली वसुलीचा आदेश काढतात आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत ती रक्कम वसूल करता येते. हे हक्क कुणाच्या मर्जीतून आलेले नाहीत. १९८० पासून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने आणि पुढे इतर संघटनांनी भावासाठी जी आंदोलने केली, त्यांतील लाठ्या आणि तुरुंगवास ऊस-कांदा पिकवणाऱ्यांनीच सोसले आहेत. तेव्हा उसाचे बिल मिळाले म्हणून मत देणे लागतो, हा हिशेब मला मान्य नाही. सरकारी योजनांविषयीही माझे हेच मत आहे. २०२४ च्या जुलैपासून ‘लाडकी बहीण’ योजनेतून ज्या बहिणींच्या खात्यात महिना दीड हजार रुपये जमा होत आहेत, त्यांनी ती योजना चांगली वाटली म्हणून तिच्या बाजूने जरूर मत द्यावे, पण तो पैसा राज्याच्या तिजोरीतला आहे आणि त्यापायी त्या कुणाच्या ऋणात नाहीत.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. एखाद्या चेअरमनने कारखाना नीट चालवला असेल, एफआरपीच्या वर दर दिला असेल, काटा चोख ठेवला असेल, तर ती कामगिरी आहे आणि तिच्यासाठी त्यांना पुन्हा निवडावेसे वाटणे यात गैर काहीच नाही. तुमच्या वडिलांकडे याहूनही वजनदार युक्तिवाद आहे, तो त्यांनी शब्दांत मांडला नसला तरी. कारखान्याच्या कर्जाला राज्य सरकारची थकहमी लागते, राष्ट्रीय सहकार विकास निगमाचे कर्ज मिळवायचे तर मुंबईत वजन असावे लागते, आणि म्हणून साहेब विधानसभेत असले तर कारखाना तगेल, असे ऊसपट्ट्यातील जाणती माणसे मनापासून मानतात. तो भाबडेपणा नाही. सत्ता आणि साखर यांचे नाते त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. फक्त त्याच माणसांनी दुसरी बाजूही पाहिली आहे. सत्तेत वजन असलेल्यांच्या ताब्यातले कितीतरी सहकारी कारखाने कर्जापायी बुडाले, लिलावात निघाले आणि खासगी मालकांच्या हाती गेले. २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळच बरखास्त केले, त्या मंडळात राज्यातील जवळजवळ सर्व प्रमुख पक्षांचे वजनदार पुढारी होते. आज राज्यात गाळप करणाऱ्या कारखान्यांपैकी जवळपास निम्मे खासगी आहेत. चेअरमन आमदार झाल्याने कारखाना वाचतो हे गृहीत धरण्याऐवजी तुमच्या कारखान्याचा ताळेबंद काय सांगतो हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. त्याकडे पुढे येऊ.

आता भीतीविषयी. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. सुमारे दीड वर्षाचा आडसाली ऊस वेळेत तुटला नाही तर त्याला तुरा येतो, वजन घटते, तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून येणारा मागचा खोडवा लांबतो, आणि ज्याला ऊस काढून हरभरा किंवा गहू घ्यायचा असतो त्याचा तो हंगाम हातचा जातो. कारखान्याच्या शेतकी खात्यातील माणसाच्या एका खुणेवर कोयत्याची टोळी या बांधावरून त्या बांधावर जाते, हे ज्याने पाहिले आहे त्याला कायद्याची कलमे वाचून धीर येत नाही. तीन एकरांच्या माणसाला दीड महिन्याचा उशीर किती महागात पडतो हे तुमच्या वडिलांना नेमके ठाऊक आहे, म्हणून ते वाकले. तुमच्या पत्रात त्यांच्याविषयी एक सूक्ष्म तुच्छता आहे. ती तुम्ही काढून टाकावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पण तो उशीर राजकारणामुळेच झाला, हे कशावरून? २०१९ चा हंगाम आठवून पाहा. ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेला महापूर आला, हजारो एकर ऊस पाण्याखाली गेला, आणि बुडालेला ऊस आधी तोडा हा दबाव नदीकाठच्या सगळ्याच कारखान्यांवर होता. त्यात ऑक्टोबरच्या निवडणुकीनंतर सरकार स्थापन होईना, राष्ट्रपती राजवट लागली आणि गाळपही उशिरा सुरू झाले. तुमच्या वस्तीला मुद्दाम मागे ठेवले गेले असेलही; तसे घडत नाही असे मी म्हणत नाही. परंतु ज्या वर्षी अनेकांचीच तोड लांबली, त्या वर्षाचा उशीर हा आपल्या मताचा सूड होता असे गावाने ठरवून टाकले, की ज्यांना धाक हवा आहे त्यांना काही न करताच तो मिळतो. म्हणून यंदा पुराव्याने चाला. लागणीची तारीख, उसाची जात आणि नोंदीचा क्रमांक असलेली पावती जपून ठेवा. गट कार्यालयातून तोडणी कार्यक्रमातील आपला क्रम लेखी विचारा. शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांच्या लागणीच्या तारखा लिहून ठेवा. तुमच्यानंतर लागण झालेला त्याच जातीचा ऊस आधी तुटला, तर तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिठ्ठीबॉयशी बांधावर भांडत बसण्यापेक्षा शेतकी अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, आणि तरीही काही हलले नाही तर प्रत प्रादेशिक साखर सहसंचालकांकडे पाठवा. हे एकट्याने करू नका. उशीर झालेल्या दहा जणांनी मिळून केलेल्या अर्जाकडे दुर्लक्ष करणे अवघड जाते.

मत कुणाला दिले हे कळते का, हा तुमचा दुसरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. तुमचे स्वतःचे मत कुणालाही कळू शकत नाही. यंत्रावरील बटण आणि मतदार यादीतील तुमचे नाव यांचा मेळ कुठेही घातला जात नाही. व्हीव्हीपॅटमधील चिठ्ठी सात सेकंद काचेआड दिसते आणि पेटीत पडते. ती तुमच्या हातात येत नाही आणि तिच्यावर तुमचे नाव नसते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ याच्या कलम ९४ प्रमाणे न्यायालयसुद्धा कुणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती तुमच्यावर करू शकत नाही. मतदान केंद्रात मोबाइल नेण्यास मनाई आहे. मत दिल्याचा फोटो काढून आण असे कुणी सांगत असेल, तर तो गुन्ह्याला निमंत्रण देत आहे, आणि ‘आत मोबाइल नेऊ देत नाहीत’ हे तुमचे खरे व पुरेसे उत्तर आहे.

मात्र वस्तीचा कल कळतो, हे वडिलांचे म्हणणे बरोबर आहे. यंत्रांची मोजणी केंद्रनिहाय होते, आणि कोणत्या केंद्रावर कुणाला किती मते पडली याचा तक्ता नंतर सर्वांना पाहायला मिळतो. मतपत्रिकांच्या काळात निवडणूक आयोगाला धाकदपटशाची शंका असेल तर अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद नियमांत होती. यंत्रे आल्यावर ती सोय उरली नाही. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारे टोटलायझर नावाचे उपकरण वापरावे, असा प्रस्ताव आयोगाने २००८ मध्ये दिला आणि विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याची शिफारस केली, पण ते अद्याप वापरात आलेले नाही. निवडणुकीतील सुधारणांवर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, त्यात या छोट्या उपकरणाचा उल्लेख क्वचितच होतो. वाड्या-वस्त्यांवरील माणसाला मोकळेपणाने मत देता यावे यासाठी याच्याइतकी साधी दुसरी सुधारणा मला दिसत नाही, आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला तिच्याविषयी विचारावे असे मला मनापासून वाटते.

आता या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. वस्तीच्या केंद्रावर सातशे-आठशे मते असतील आणि त्यांपैकी काही विरोधात गेली, तर ती कुणाची हे फक्त तर्काने ठरवले जाईल. उद्या राग निघालाच तर तो साऱ्या वस्तीवर निघेल. त्यात शपथ पाळणारेही सापडतील. म्हणजे आज्ञा पाळून तुमच्या वडिलांना संरक्षण मिळत नाही, कारण त्यांनी ती पाळली हे ते कुणालाही सिद्ध करून दाखवू शकत नाहीत. ज्या गुप्ततेमुळे तुम्ही मोकळे आहात, तिच्यामुळेच त्यांची निष्ठाही अदृश्य राहते. हा मुद्दा वडिलांना शांतपणे समजावून सांगता आला तर त्यांच्या धास्तीची धार कमी होईल, असे मला वाटते.

शपथेचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण वडिलांची श्रद्धा खरी आहे आणि तिला धक्का लावण्याचा अधिकार मला नाही. पण माणूस शपथ घेतो ती स्वतःच्या वागण्याची. दुसऱ्याच्या मताची शपथ घेणे हे दुसऱ्याच्या रानातला ऊस नोंदवून येण्यासारखे आहे: नोंदवणाऱ्याची इच्छा कितीही चांगली असली तरी ते रान त्याचे नाही. वडिलांनी स्वतःचे मत दिले की त्यांच्यापुरती शपथ पुरी झाली, असे त्यांना आदराने सांगता येईल. गावातील एखाद्या जाणत्या पुजाऱ्याने किंवा वारकरी मंडळींपैकी कुणी ज्येष्ठाने हेच सांगितले तर ते त्यांना लवकर पटेल. कायद्याची बाजूही तुम्हाला माहीत असावी. आपल्याला मत दिले नाही तर देवाचा कोप होईल असे मतदाराच्या मनात भरवणे, हा लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२३ प्रमाणे गैरवाजवी दबाव ठरतो, आणि उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने ते केल्याचे सिद्ध झाले तर त्याची निवड रद्द होऊ शकते. भारतीय न्याय संहितेतही मतदारावर गैरवाजवी दबाव आणण्याला शिक्षा आहे. म्हणजे ज्या दोघांनी तुमच्या दारात भंडारा उचलायला लावला, ते कायद्याच्या दृष्टीने फार मोठी जोखीम घेऊन आले होते. कारखान्याचे पगारी नोकर प्रचाराला फिरत असतील तर सभासदांचा पैसा प्रचारावर खर्च होतो आहे का, हेही विचारण्यासारखे आहे.

येथे मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे. पाच मतांमध्ये तुमची आई आहे, पत्नी आहे, भाऊ आहे. वडिलांनी त्यांच्या वतीने शपथ घेतली याचा तुम्हाला राग आला, पण या तिघांना कुणाला मत द्यायचे आहे हे तुमच्या लांबलचक पत्रात कुठेही नाही. तुम्ही त्यांना विचारले आहे का? घरातली मते वडिलांच्या खिशातून काढून स्वतःच्या खिशात ठेवायची असतील तर त्या घरातील बायकांच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. तुमच्या पत्नीला पाण्याचा, शाळेचा, दवाखान्याचा, बचत गटाच्या कर्जाचा असा काही वेगळा हिशेब असेल. आईला कदाचित साहेबच योग्य वाटत असतील, आणि तो तिचा स्वतंत्र निर्णय असेल. एका घरातून पाच मते तीन दिशांना गेली म्हणून घर फुटत नाही. मतदानाच्या आदल्या रात्री जेवताना ‘ज्याने त्याने आपापले मत द्यावे, आणि कुणी कुणाला विचारू नये’ एवढे ठरले, तरी तुमच्या घराने मोठे काम केले असे मी म्हणेन.

तुम्ही ज्यांना मत देणार आहात त्यांच्याविषयीही थोडी चौकशी करा, कारण पत्रात त्यांच्या बाजूने तुम्ही एवढेच कारण दिले आहे की ते साहेबांच्या विरोधात आहेत. प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, कर्जे, सरकारी देणी आणि दाखल गुन्हे यांचे शपथपत्र द्यावे लागते आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर व ॲपवर पाहता येते. या उमेदवारांचा प्रचार कुणाच्या पैशावर चालला आहे? विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपयांची आहे. त्यांच्या गाड्या, जेवणावळी आणि सभा पाहून ती पाळली जाते आहे असे तुम्हाला वाटते का? त्यांचा किंवा त्यांच्या नातलगांचा खासगी कारखाना, गूळ पावडरीचा प्रकल्प, पतसंस्था असे काही आहे का? आर्थिक सत्ता फक्त सहकारी कारखान्याच्या चेअरमनकडेच असते असे नाही, आणि खासगी कारखान्याच्या मालकाला तर सभासदांसमोर उभेही राहावे लागत नाही. हे सारे पाहूनही तुमचा कल बदलला नाही, तर निःशंक मनाने मत द्या. बदलला आणि तुम्ही साहेबांनाच मत दिले, तर तोही तुमचा निर्णय असेल, आणि धाकापोटी दिलेल्या मताहून तो वेगळा असेल.

एका मताने काय बदलते, या तुमच्या उद्वेगाला मी दोन प्रकारे उत्तर देईन. पहिले म्हणजे तुमच्यासारखी माणसे एकटी नाहीत. हातकणंगले मतदारसंघात २००९ आणि २०१४ मध्ये ऊसदराच्या आंदोलनांचे नेते राजू शेट्टी लोकसभेवर निवडून गेले. लोकांनी त्यांना मताबरोबर वर्गणीही दिली, आणि त्यांना मत देणाऱ्यांतील असंख्य शेतकरी त्याच हंगामात आपला ऊस त्यांच्या विरोधकांच्या कारखान्यांना घालत होते. २०१९ आणि २०२४ मध्ये त्याच मतदारसंघाने त्यांना पराभूतही केले. ऊस एकीकडे आणि मत दुसरीकडे, हा वेगळेपणा ऊसपट्ट्यातील माणूस अनेकदा न बोलता पाळत आला आहे.

दुसरे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. विधानसभेच्या मतदारसंघात लाखो मतांपैकी तुमचे एक मत असते, तर कारखान्यात काही हजार सभासदांपैकी तुमच्या वडिलांचे एक मत असते. तुमच्या तोडीचा क्रम, काट्याची विश्वासार्हता, इथेनॉल आणि वीजनिर्मितीतून आलेल्या पैशाचा वाटा, कामगारांची भरती, हे सगळे तेथे ठरते. विधानसभेसाठी आपण पारावर रात्री जागवतो आणि कारखान्याची निवडणूक बिनविरोध झाली की तिचे कौतुक करतो. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत अहवाल न वाचता ‘मंजूर, मंजूर’ म्हणून हात वर करणारे बाहेर येऊन वर्षभर साहेबांच्या नावाने बोटे मोडतात, याचे मला फार वाईट वाटते. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि संस्थेशी असलेल्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा व त्यांच्या प्रती मागण्याचा अधिकार आहे. कारखान्यावर किती कर्ज आहे, त्यावरचे व्याज टनामागे किती पडते, साखर कोणत्या दराने विकली, हे त्यातून समजते. पुढील सभेपूर्वी वडिलांच्या सहीने दोन-तीनच प्रश्न लेखी पाठवा, आणि ते विरोधासाठी नव्हेत, माहितीसाठी आहेत अशाच भाषेत लिहा. मला वाटते, वडिलांना हे काम आवडेल. मुलाने आपल्याला भित्रा म्हणावे यापेक्षा मुलाने आपल्याबरोबर बसून आपल्याच कारखान्याचा अहवाल वाचावा, हे कोणत्याही जुन्या सभासदाला भावेल. प्रश्न विचारला म्हणून सभासदत्व जाईल अशी धास्ती कुणी घातली, तर त्याच अधिनियमाचे कलम ३५ लक्षात ठेवा: सभासदाला काढून टाकायचे तर त्याला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते, सभेत तीन चतुर्थांश बहुमत लागते आणि निबंधकांची मान्यता लागते.

उघड विरोध करावा का, असे तुम्ही विचारले आहे. तुमच्या जागी असलेल्या माणसाला मी या वेळी तो सल्ला देणार नाही. गुप्त मतदान मुळात दुबळ्या माणसासाठीच आहे, आणि त्याचा आधार घेण्यात भ्याडपणा नाही. पारावर झेंडा घेऊन उभे राहिल्याने तुमचे मत अधिक मोलाचे होत नाही, भावाची नोकरी मात्र अडचणीत येऊ शकते. घरी येणाऱ्यांना चहा द्या, त्यांचे ऐकून घ्या, आणि ‘मताचे ज्याचे त्याच्याकडे’ एवढेच बोला. खोटे वचन देऊ नका. नकारही देण्याची गरज नाही. कुणी पैसे देऊ केले किंवा तोड रोखण्याची धमकी दिली, तर तारीख, वेळ आणि शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा. आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर फोटो किंवा चित्रफितीसह तक्रार करता येते, आणि १९५० या क्रमांकावर दूरध्वनीही करता येतो. तक्रार करताना ॲपवर स्वतःची ओळख न देण्याची सोय आहे, ती वापरा.

भावाविषयी मात्र अधिक सावध राहा. हंगामी कामगाराला पुढील हंगामात न बोलावणे फार सोपे असते आणि त्याचे कारण कुणी लेखी देत नाही. त्याने प्रचारात कोणत्याच बाजूने फिरू नये, समाजमाध्यमांवर काही लिहू नये, आणि हजेरीच्या नोंदी, पगाराच्या पावत्या व भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक स्वतःकडे ठेवावा. कारखान्यातील कामगार संघटनेचा तो सदस्य नसेल तर व्हावे. मतदानाच्या दिवशी सुटी असली तरी हंगामाच्या तोंडावर कामावर बोलावले जाण्याची शक्यता आहे. तसे झाल्यास मतदानासाठी भरपगारी सुटी हा त्याचा कायदेशीर हक्क आहे, हे त्याला आधीच सांगून ठेवा, आणि शक्य असेल तर सकाळी सातला केंद्र उघडताच मत देऊन तो कामावर जाईल अशी सोय करा.